सूत ओल धरतं

चार महिन्यांत सात किलो.
एक्क्याऐंशीवरून चौऱ्याहत्तर.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला गोदामाचा काटा
माझ्याच हाताखाली. सुताचे कोन, टॉवेलचे गठ्ठे
मीच मोजते.
शनिवारी पाळी सुटली, शटर अर्धं आलं खाली,
की चपला काढून मीही त्यावर चढते
आणि आवक-जावक वहीच्या शेवटच्या पानावर
मालाच्या नावाच्या जागी लिहिते, ‘श्या.’
श्यामला लिहायची लाज वाटते.

मग परवाच्या रविवारी वळसंगला
नीलम्माच्या रानात हुरडा.

ठरवून निघाले होते: दोन मुठी, वर ताक, बास.
पण आगटीतलं कणीस
तिच्या सासऱ्यांनी तळहातावर चोळलं,
भुसा फुंकला,
आणि हिरवे, वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत ओतले.
म्हाताऱ्या माणसाचे भाजलेले हात.
त्यांना नाही कसं म्हणायचं
हे डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं.

शेंगाचटणी, तिच्यावर दही.
गूळ. बोरं. पुन्हा दाणे.
मला वाटलं झालं, तर कळलं
जेवण अजून व्हायचंय.
कडक भाकरी मोडल्याचा कडाड् आवाज,
भरीत, आणि तुपातली शेंगाची पोळी.
तीन पोळ्या मोजल्या.
पुढच्या मोजल्या नाहीत.
मोजणं हा तर माझा धंदा आहे.

सोमवारी शनिवारपर्यंत दम निघेना.
शहात्तर. वर दोनशे ग्रॅम.

एका दिवसात सव्वादोन किलो!
दुपारचा डबा मी उघडलाच नाही.
मेथी आणि भाकरी आत तशीच,
जणू गुन्हा त्यांनी केला होता.

चार वाजता कोइमतूरचा ट्रक लागला.
वाटेत अवकाळी गाठलेलं, ताडपत्री फाटलेली.
इराबत्तींचा नवा पोरगा काट्याशी ओरडला,
“अक्का, बिलापेक्षा माल जास्त भरतोय की!”
मी वहीतून मान वर न करता म्हणाले,
“माल नाही रे, ओल आहे.
सुटं मांडून ठेव चार दिवस, मग मोज.
सूत ओल धरतं.
रात्रीत सूत वाढत नसतं.”

आणि पेन थांबलं.

बावीस वर्षं हे वाक्य मी बोलतेय
परक्या मालाबद्दल.

साडेचारला डबा उघडला.
भाकरी गार, पण भाकरीच.
पोरगा बघत होता, अर्धी त्याला दिली.

सगळीच ओल होती असं नाही म्हणणार.
शनिवारी काटा चौऱ्याहत्तर-तीनशेवर थांबला.
चटणीच्या मिठाने धरलेलं पाणी गेलं,
पोटातलं गेलं,
तीनशे ग्रॅम राहिले. असू देत.
ते पोळ्यांचे असतील, कदाचित काट्याचेही.
हा काटा जुना आहे,
माझ्यासारखाच जरा इकडे-तिकडे करतो.

दोन वर्षांमागे गड्ड्याच्या जत्रेत
एकच संध्याकाळ होती ती,
भजी आणि पाळण्याच्या रांगेत घेतलेली जिलेबी.
दुसऱ्या दिवशी मी म्हणाले,
आता मोडलंच आहे तर...
ते ‘तर’ होळीपर्यंत चाललं.
नऊ किलोंचा आळ मात्र
बिचाऱ्या जिलेबीवर.

सोमवारचा आकडा खोडला नाही मी.
वहीत खाडाखोड चालत नाही, मालक बघतात.
शेऱ्याच्या रकान्यात फक्त लिहिलं,
‘हुरडा. ओला माल.’

काल नीलम्माचा फोन:
दुसरं रान उशिरा पेरलंय, अजून कोवळं आहे, येतेस?
म्हटलं, पुढच्या वर्षी.
फोन ठेवला.
परत लावला.
म्हटलं, संक्रांत होऊ दे.